आढं नसलेल्या घराची मोजणी

व्यवसायाने मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. दिवसभर काँक्रीट आणि स्टील. लाकडाशी संबंध आला तो केंटमध्ये राहायला आल्यावर, आणि तोही बिनपैशाच्या कामातून. इंग्लंडच्या या आग्नेय कोपऱ्यात जुनी घरं मोजून त्यांची नोंद ठेवणारे हौशी गट आहेत. निवृत्त शिक्षक, एखादा सर्व्हेअर, एखादा सुतार, बाकी इतिहासाचं वेड असलेली मंडळी. कुणा घरमालकाला आपल्या घराचं वय जाणून घ्यायचं असतं, तो गटाला बोलावतो. गट घर मोजतो, नकाशे काढतो, अहवाल लिहितो आणि मधल्या वेळात भरपूर चहा पितो. मला त्यांनी घेतलं ते बहुधा शिडीवर चढण्याइतके गुडघे शाबूत असलेला माणूस हवा होता म्हणून.

ज्या घराबद्दल लिहितोय ते वील्डमधलं, म्हणजे नॉर्थ डाऊन्स आणि साऊथ डाऊन्स या दोन डोंगररांगांच्या मधल्या, एके काळी ओकच्या जंगलाने भरलेल्या प्रदेशातलं. गावाचं नाव मालकांच्या इच्छेवरून लिहीत नाही. रस्त्यावरून पाहिलं तर मध्ययुगाचा वाससुद्धा नाही. खाली लाल विटा, वरच्या मजल्याच्या भिंतीला टांगलेली मातीची कौलं, १८व्या शतकातल्या धाटणीच्या खिडक्या. संरक्षित इमारतींच्या यादीत '१७वं शतक किंवा त्याआधी' एवढीच नोंद. मालकीणबाईंनी मात्र पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं की घरातल्या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत.

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी हे जहाज इतक्या घरांत ऐकलंय की त्या आता वादही घालत नाहीत. लाकडात रिकाम्या खाचा दिसतात, कुठेच न जाणारी भोकं दिसतात, मग लोकांना वाटतं की हे लाकूड दुसरीकडून काढून आणलं. मला त्यांनी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "रिकामी खाच दिसली की तिथे काय होतं ते विचारा. लाकूड कुठून आलं ते नंतर."

कामाला हात लावण्याआधी त्यांनी मला वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात पाठवलं होतं. जागेवर टिकण्याची शक्यता नसलेल्या इमारती तिथे सुट्या करून आणतात आणि पुन्हा उभ्या करतात. त्यांतलं 'बेलीफ' हे शेतघर केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाऊ बीच जलाशय व्हायचा होता म्हणून १९६८-६९ मध्ये ते उतरवलं आणि पुढे १९७१-७२ मध्ये सिंगलटनला उभारलं. असं करता येतं कारण मुख्य सांगाड्यात खिळाच नाही. ओकच्या खुंट्या ठोकून बाहेर काढल्या की घर सुटं होतं.

बेलीफच्या दारातून आत शिरलं की पहिल्यांदा मान वर जाते. मधले दोन खण जमिनीपासून थेट कौलांपर्यंत मोकळे. हाच हॉल. वर मजला नाही, धुराडं नाही, जमिनीवर उघडी आगटी. हॉलच्या दोन्ही बाजूंना एकेक दुमजली खण. एका टोकाच्या खणात तळाला दोन कोठ्या, एक पेयांच्या पिंपांसाठी आणि दुसरी पाव-धान्यासाठी; हे घराचं खालचं टोक. दुसरं ते वरचं टोक, तिथे मालकाची खासगी खोली आणि तिच्या माथ्यावर सोलर, म्हणजे निजायची खोली. खालच्या टोकाला हॉलच्या कडेने पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार वाट. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि आतून सरकती झडप.

टोकाच्या खणांचे वरचे मजले दर्शनी बाजूला फूट-दीड फूट पुढे काढलेले असतात, मधला हॉल मात्र पुढे येत नाही. छत सगळ्यांवर एकच, सलग. त्यामुळे हॉलसमोर वळचणीचं लांब लाकूड भिंत सोडून हवेत राहतं आणि त्याला दोन्हीकडून वक्र ब्रेस, म्हणजे तिरपे आधार, तोलून धरतात. या बांधणीला वील्डन घर म्हणतात. १४व्या शतकाच्या अखेरीपासून १६व्याच्या सुरुवातीपर्यंत केंट आणि पूर्व ससेक्समध्ये अशी घरं भरपूर झाली. बांधणारे सरदार-दरकदार नव्हते. बरी जमीन आणि हातात पैसा असलेले शेतकरी होते.

बेलीफमध्ये आग पेटवलेली होती. धूर डोक्याच्या वर थर धरून राहतो. बाकावर बसलं तर सहन होतं, उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. नकाशात जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळलं: या घरात वरची सगळी पोकळी धुराची होती, माणसं तळाशी राहत होती.

मग प्रत्यक्ष मोजणी. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेने इमारतींच्या नोंदणीच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. आमचं काम तिसऱ्या पातळीचं, म्हणजे आतून-बाहेरून नकाशे, छेद, तपशील आणि घर कसकसं बदलत गेलं याचं विवेचन. नकाशे १:५० प्रमाणात, हाताने. लेझर मीटर मी हौसेने नेला होता आणि तो बराच वेळ खिशातच राहिला. भिंत कुठेच ओळंब्यात नाही, कोपरा कुठेच काटकोनात नाही, मग लेझरचा ठिपका नक्की कशावर पडला ते सांगता येत नाही. त्यापेक्षा जमिनीलगत एक ताणलेली दोरी, तिच्यापासून टेपने काटकोनातली मापं आणि प्रत्येक खोलीचे कर्ण. शिवाय हाताने काढताना प्रत्येक लाकूड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे बघावंच लागतं.

तळमजल्यावर जेवणघर सगळ्यात मोठं. मध्यातून जाणारी जाड तुळई, तिच्या खालच्या कडा तासून काढलेल्या, टोकाला सुबक नक्षी. दोन्ही बाजूंना सडपातळ, उंच कड्या, म्हणजे वरच्या मजल्याच्या फळ्या पेलणारी लाकडं. मालकांना हीच खोली सर्वांत जुनी वाटत होती. पण पलीकडच्या दोन्ही टोकांच्या खोल्यांत कड्या अगदी वेगळ्या निघाल्या: रुंद, बसक्या आणि आडव्या निजवलेल्या. एकीचं माप घेतलं, २० सेंटिमीटर रुंद आणि १३ उंच.

इथे माझ्यातला इंजिनिअर अस्वस्थ झाला. कडीचा ताठरपणा उंचीच्या घनावर अवलंबून असतो. हीच कडी उभी ठेवली असती तर तेवढ्याच लाकडात ताठरपणा जवळजवळ २.४ पट झाला असता. मध्ययुगीन सुतार शतकानुशतकं कड्या आडव्या निजवत आले आणि १६व्या शतकात त्या हळूहळू उभ्या झाल्या. हिशेबाने पाहिलं तर उधळपट्टी. आमच्या गटातल्या सुताराचं म्हणणं असं की रुंद कडी पिळत नाही, तिच्यावर फळ्या नीट बसतात आणि आलेल्या पाहुण्याला छतात किती ओक घातलाय तेही दिसतं. यांतलं तिसरं कारण मला सगळ्यात पटलं. ते काही असो, आमच्यासाठी अर्थ सरळ होता. दोन्ही टोकांचे मजले मूळचे, आणि मधल्या जेवणघराचं छत नंतर घातलेलं.

जेवणघराच्या एका टोकाला विटांची प्रचंड चूल, आत माणूस उभा राहील एवढी. तिच्या पाठीमागे बोळ, बोळाच्या दोन्ही तोंडांना दारं. बोळाच्या पलीकडच्या लाकडी भिंतीत एक दार वापरात, माथ्याला टोकदार कमान. त्याच्या शेजारी भिंतीलगत फडताळ. बाईंनी मालकांना विचारलं, "हे जरा पुढे ओढलं तर चालेल?" मागे गिलाव्यात बुजलेली तशीच दुसरी कमान होती, अर्धी दिसणारी. पिंपांची कोठी आणि पावाची कोठी, शेजारी शेजारी, अगदी बेलीफसारखी. मालकीणबाई त्या कमानीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. इतकी वर्षं त्याच फडताळात त्यांच्या ताटल्या होत्या.

याच भिंतीच्या वरच्या भागात गिलावा फुटून आतलं भरण उघडं पडलं होतं. वरच्या आडव्या लाकडाच्या पोटात ओळीने भोकं, खालच्याच्या पाठीत लांब चर. चिरलेल्या ओकच्या उभ्या काठ्यांचं वरचं टोक भोकात घालायचं, खालचं चरातून सरकवून बसवायचं, मग त्यांच्यातून हेझल नावाच्या झुडपाच्या फोका विणायच्या आणि दोन्हीकडून चिकणमाती, गवत, शेण यांचा लगदा थापायचा. कोकणातल्या कुडाच्या भिंतीचीच रीत. फरक इतकाच की इथे कूड ओकच्या चौकटीत बसतो आणि वर चुन्याचा हात फिरतो. मोजणीच्या दृष्टीने कूड स्वतः महत्त्वाचा नाही, ती भोकं महत्त्वाची. भिंत पाडली तरी तिच्या माथ्याच्या लाकडात भोकांची रांग उरते. रांग मधेच तुटली तर तिथे दार होतं किंवा खिडकी.

वरच्या मजल्यावर गेल्यावर सगळंच विचित्र वाटायला लागलं, आणि विचित्र म्हणजेच बोलकं. मधल्या शयनगृहातून छातीच्या उंचीवर एक अजस्र तुळई आडवी जाते. तिच्याखालून वाकून पलीकडे जावं लागतं. शहाणा माणूस शयनगृह बांधताना अशी तुळई घालणार नाही. म्हणजे तुळई आधीची आणि शयनगृह नंतरचं. तिला दोन्ही बाजूंनी वक्र ब्रेस होते, त्यांतला एक जागेवर आहे. दुसऱ्याची नुसती लांब खाच आणि खुंट्यांची भोकं उरली आहेत, कारण तिथे कुणीतरी दार काढलं. तुळईच न कापता ब्रेसवर निभावलं हे नशीब. अशा घरांत दारासाठी तुळई कापलेली मी नंतर पाहिली आहे. मग छत भिंतींना बाहेर रेटत राहतं आणि शंभरेक वर्षांनी कुणीतरी लोखंडी पट्ट्या मारतो.

त्याच खोलीच्या दर्शनी कोपऱ्यात एक वाकडं लाकूड भिंतीतून निघून छतात घुसलेलं. मालकांनी त्यावर टोप्या अडकवल्या होत्या. हाच तो वळचणीला तोलणारा ब्रेस. पूर्वी तो घराबाहेर, उघड्यावर होता. हॉलमध्ये मजला घातला तेव्हा वरच्या खोलीची दर्शनी भिंत पुढे आणून दोन्ही टोकांच्या रेषेत केली, बाहेर असलेला ब्रेस आत आला, पुढे केव्हातरी खाली विटा आल्या आणि वील्डन घराचा सगळा चेहरा झाकला गेला.

मागच्या भिंतीच्या माथ्यावर, खिडकीपासून लांब, लाकडाच्या पोटात चौकट आकाराच्या खाचांची रांग होती, पत्त्यातल्या चौकटसारखी टोकावर उभी. बिनकाचेच्या खिडकीचे गज तिथे बसायचे. खाचांच्या आतल्या बाजूला झडपेसाठी चर. त्या गजांमधली अंतरं घेताना बाई म्हणाल्या, "आता माळा." त्यांच्या वयाला माळा जमत नाही, पण त्यांचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

माझं मत आता पक्कं झालंय: असं घर वरून खाली वाचावं. खाली प्रत्येक पिढीने काही ना काही बदललेलं असतं, कारण खाली माणसं राहतात. माळ्यावर कुणी राहत नाही, तिथे सजावटीवर कुणी पैसा घालत नाही.

मास्क, कपाळावरचा दिवा, गुडघ्यांना गाद्या आणि एक फळी, कारण इन्सुलेशनच्या लोकरीखाली कडी कुठे आणि नुसता गिलावा कुठे ते दिसत नाही. झडप उघडून मी सोलरच्या डोक्यावर निघालो. दिवा फिरवला तर वासे स्वच्छ, मधाच्या रंगाचे. प्रत्येक जोडी शिखरावर एकमेकांत खोचलेली, आणि तिथे आढं, म्हणजे शिखरालगतचं लांब लाकूड, नाही. वाशांच्या जोड्या नुसत्या एकमेकांच्या आधाराने उभ्या. प्रत्येक जोडीच्या मध्यावर एक आडवं लाकूड, कॉलर. सगळ्या कॉलरच्या पोटाखालून घराच्या लांबीभर एकच लाकूड जातं, ती क्राऊन प्लेट. तिला खालून क्राऊन पोस्ट उचलून धरतो, आणि हा पोस्ट उभा असतो तुळईच्या बरोबर मध्यावर. आपल्याकडे घर फिरलं की वासे फिरतात. इथे वासे ओळीने एका बाजूला कलंडू नयेत एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

समोर मातीची भिंत, थेट शिखरापर्यंत. तिच्यात कुणीतरी नंतर भोक पाडलेलं, त्यातून पोटावर सरपटत मी पलीकडे गेलो आणि दिव्याचा उजेडच कमी झाल्यासारखा वाटला. सगळं काळं होतं. वासे, कॉलर, क्राऊन प्लेट, सगळ्यावर काजळीचा थर, काही ठिकाणी डांबरासारखा चकचकीत. बोट लावलं तर बोटाला फारसं लागत नाही; तो लाकडातच मुरलेला आहे. मागे वळून त्या मातीच्या भिंतीवर दिवा मारला. हॉलच्या बाजूने काळी, सोलरच्या बाजूने कोरी. म्हणजे ही भिंत पहिल्या दिवसापासूनची, मालकाने आपल्या निजायच्या खोलीत धूर येऊ दिला नाही. दुसऱ्या टोकाला तशी भिंत कधी नव्हतीच. तिकडचे वासे करडे, धुराने हलके माखलेले, आणि छताच्या टोकाला वर छोटा त्रिकोणी झरोका. हॉलचा धूर कोठ्यांच्या माथ्यावरून तिथून बाहेर पडत होता. त्या खोलीत कोण झोपत असेल याचा अंदाज बांधायला कागदपत्रं लागत नाहीत.

हॉलच्या मधोमध त्या छातीच्या उंचीच्या तुळईवर क्राऊन पोस्ट उभा होता, अष्टकोनी, खाली बैठक, वर घडवलेला माथा आणि चार दिशांना चार ब्रेस. टोकांच्या खणांतले पोस्ट साधे चौकोनी. हा मात्र दाखवायचा होता, हॉलमध्ये बसलेल्याच्या नजरेसमोर. आता तो लोकरीच्या गुंडाळ्यांत आणि गांधीलमाशांच्या जुन्या पोळ्याशेजारी उभा आहे. खुंट्या सगळ्या एकाच बाजूने ठोकलेल्या, आणि लाकडाची चांगली बाजू वरच्या टोकाकडे, मालक बसायचा तिकडे. बहुतेक हॉलमध्ये असंच सापडतं.

धुराडं छतातून जातं तिथे वासे कापलेले आहेत. कापलेल्या टोकांना काजळी नाही. धूर कोंडायचा थांबल्यावर, म्हणजे धुराडं बांधतानाच ते कापले गेले. विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्समधल्या धर्मगुरूने १५७७ मध्ये लिहून ठेवलंय की गावातले म्हातारे धुराड्यांच्या सुळसुळाटाचं नवल करतात. त्यांच्या तरुणपणी बहुतेक गावांत दोन-तीनच असायची. आमचं धुराडं आणि जेवणघराचा मजला याच लाटेतले.

वाशांवर आकडेही होते. पातळ, सरळ रेघांनी कोरलेले रोमन आकडे. चार म्हणजे चार रेघा, घड्याळाच्या तबकडीवर असतात तशा. वाशावर जो आकडा तोच त्याच्या कॉलरवर. कारण हे घर जागेवर बांधतच नव्हते. ताजा ओक कुऱ्हाडीने चौरस करायचा, सुताराच्या अंगणात सांगाड्याची एकेक बाजू जमिनीवर निजवून प्रत्येक सांधा त्या दोन लाकडांपुरता जुळवायचा, आकडे कोरायचे, सगळं सोडवून गाडीत घालायचं आणि जागेवर नेऊन उभं करायचं. एका सांध्याचं लाकूड दुसऱ्याला बसत नाही, म्हणून आकडे. मी फळीवर पालथा पडून ते एकेक वाचत गेलो. सोलरपासून सुरू झालेली मोजणी मातीच्या भिंतीपलीकडे हॉलवरून थेट कोठ्यांच्या टोकापर्यंत न तुटता जाते. बेलीफचं तसं नाही, तिथे हॉल १५व्या शतकाच्या सुरुवातीचा आणि सोलरचा भाग १५०५ ते १५१० च्या दरम्यानचा. आमचं घर एकाच दमात झालेलं.

उतरण्याआधी मागच्या कोपऱ्यात एक सांधा उघडा दिसला आणि मी तिथेच अडकलो. खालून आवाज येत होते, सँडविच आली होती. पण हा सांधा एवढ्या जवळून पुन्हा कधी दिसेल कुणास ठाऊक. खांबाचा माथा बुंध्यापेक्षा जाड, कारण झाड उलटं उभं केलेलं, मुळाकडची बाजू वर. त्या जाड माथ्यावर दोन कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभा. बाहेरचं भिंतीच्या माथ्यावरच्या लांब लाकडाच्या, वॉल प्लेटच्या, पोटात जातं. आतलं त्याहून उंच, ते तुळईच्या पोटात. आणि तुळई वॉल प्लेटवर आडवी बसते ती डव्हटेलने, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या खाचेने, की भिंत बाहेर ढकलली गेली तरी सुटू नये. तीन दिशांची तीन लाकडं एका ठिकाणी, एकमेकांना धरून. खुंटीची भोकंही सरळ रेषेत पाडत नाहीत. कुसूवरचं भोक किंचित आत घेतात, मग वाळलेल्या ओकची खुंटी ठोकली की ती सांधा स्वतःच ओढून आवळते.

यातली उणीवही तिथेच दिसत होती. ताजं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, डव्हटेल तिच्या खाचेत सैल होते. आमची १२ मिलिमीटर बाहेर सरकलेली. मग भार आतल्या कुसूवर आला आणि ते अजून धरून आहे. स्टीलच्या सांध्यात मी असं दुहेरी काम मागितलं तर फॅब्रिकेटर खर्च सांगून मला गप्प करतो.

वय कोणत्या दशकातलं हे सांगायला वृक्षवलयांचा तज्ज्ञ आला. पोकळ ड्रिलने तो लाकडातून बारीक कांडी काढतो. साल किंवा सालीजवळचं मऊ लाकूड शिल्लक असलेली जागा निवडतो, कारण झाड कधी तोडलं ते शेवटच्या वलयावरून कळतं. ओक ताजाच वापरत, त्यामुळे तोडणीचं आणि उभारणीचं साल जवळजवळ एकच. पण आमच्या कांड्यांत वलयंच थोडी निघाली. साधारण ५० च्या खाली असली तर जुळणी भरवशाची होत नाही, आणि वील्डचा ओक भराभर वाढणारा. त्यातून अशा घरांना थोराड वृक्ष लागत होते हा समजही खोटा. ऑलिव्हर रॅकहॅम या जंगलांच्या अभ्यासकाने सफक परगण्यातल्या स्टँटनच्या एका घराचा हिशेब केला, तर सुमारे ३३० झाडं निघाली, बहुतेक लहानच. तरुण झाडाच्या पोटात मोजण्याएवढी वर्षंच नसतात.

तेव्हा अहवालात '१५व्या शतकाचा उत्तरार्ध' एवढंच लिहिलं: क्राऊन पोस्टच्या घडणीवरून, निजवलेल्या कड्यांवरून आणि वॉल प्लेटच्या जोडावरून. जोडांवरून काळ ओळखायची पद्धत एसेक्समध्ये सेसिल ह्यूएट यांनी मांडली. त्यांच्या काही तारखा पुढे वलयांनी खोट्या ठरवल्या, तरी क्रम बराचसा टिकला. अहवाल परगण्याच्या ऐतिहासिक नोंदसंग्रहात गेला.

मालकांची मात्र भलतीच पंचाईत झाली. आपल्या जेवणघरावर पूर्वी मोकळं छत होतं हे कळल्यावर यजमानांना मधला मजला काढून हॉल पुन्हा उघडा करायची इच्छा झाली. संरक्षित इमारतीत परवानगीशिवाय असं काही करणं १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे, म्हणून त्यांनी आधी विचारलं. परवाना खात्याच्या अधिकारी बाई आल्या, तासलेल्या कडांच्या त्या तुळईखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हा मजलाही जवळपास साडेचारशे वर्षांचा आहे, तो कुणाच्या वाट्याचा इतिहास म्हणून काढायचा? मला त्यांचं पटलं. मागच्या भिंतीवरचं सिमेंट काढून चुना लावायला मात्र त्यांनी आनंदाने होकार दिला, कारण सिमेंटमागे पाणी कोंडून खालचा ओक कुजत होता.

आता वलयं थोडी असली तरी त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून साल काढता येतं. स्वॉन्झी विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली आहे. तज्ज्ञाने कांड्या जपून ठेवल्या आहेत. यजमानांना त्या पाठवायच्या आहेत. मालकीणबाईंचं म्हणणं, तेवढ्या पैशांत मागच्या भिंतीचा चुना आधी होईल, आणि पावसाळी महिने तोंडावर आले आहेत.